सुईच्या पैशावर शाळा

बायकांनी हाताने विणलेले, शिवलेले, भरलेले कापड विकायचे आणि त्या पैशातून पोरांना शिकवायचे, ही कल्पना ऐकायला इतकी गोड आहे की तिचा हिशेब सहसा कुणी मागत नाही. प्रदर्शनात पिशवीला एक चिठ्ठी बांधलेली असते, चिठ्ठीवर शाळेच्या दप्तरातली एक मुलगी हसत असते, आणि घेणारा दोनशे रुपये जास्त देऊन समाधानाने घरी जातो. त्या दोनशेतले किती रुपये दप्तरापर्यंत पोचतात, आणि पोचले तरी दप्तर शाळेपर्यंत जाते का, हे दोन प्रश्न मागे राहतात. बामियानपासून महेश्वरपर्यंत पुष्कळांनी हा प्रयोग केला आहे. काहींचा जमला, काहींचा फसला, आणि एकाचा तर जमत आलेला असताना सरकारनेच शाळेला कुलूप लावले.

या सगळ्याचा आढावा तिसगावच्या बाजूने घेतो आहे. तिसगाव हे नगर-पाथर्डी रस्त्यावरचे बाजाराचे गाव. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी. तालुक्याचा स्वतःचा वृद्धेश्वर साखर कारखाना इथून जवळच आदिनाथनगरला आहे, पण पाथर्डी तालुक्यातली हजारो माणसे दसरा उलटला की कोयते बांधून सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकाकडे ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. म्हणजे शाळेच्या वर्षातले मधले पाच-सहा महिने घराला कुलूप. जी मुले आई-बापाबरोबर जातात, त्यांचे वर्ष फडात जाते. जी आजी-आजोबांपाशी राहतात, त्यांचे वर्ष म्हाताऱ्यांच्या तब्येतीवर चालते.

इथे फी हा पहिला अडथळा नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. जिल्हा परिषदेची शाळा फुकट, पुस्तके फुकट. पाचवीपासून बारावीपर्यंतच्या खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास फुकट, आणि त्या योजनेला नावही याच जिल्ह्याच्या लेकीचे, अहिल्याबाई होळकरांचे. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शंभर टक्के माफ. कागदावर शाळेचे दार सताड उघडे आहे. खर्च लागतो तो दाराबाहेर: बारावीनंतर नगरला खोली, खानावळ, क्लास, मोबाइलचे रिचार्ज. आणि सगळ्यात महागडी गोष्ट म्हणजे ऑक्टोबर ते मार्च घरात एक मोठे माणूस असणे. सुईच्या पैशाने नेमके काय विकत घ्यायचे, याचे उत्तर गावागणिक बदलते. तिसगावात आईचे घरी राहणे विकत घ्यावे लागेल.

हा प्रश्न सगळ्यात उघडपणे मांडला गेला तो अफगाणिस्तानात. २००४ साली शिकागोच्या कॉनी डकवर्थ यांनी ‘आरझू’ नावाची संस्था काढली. मोठ्या गुंतवणूक बँकेतली नोकरी करून आलेली ही बाई, त्यामुळे दानधर्मापेक्षा कराराची भाषा तिला जवळची. बामियानच्या डोंगरात गालिचे विणणाऱ्या बायकांशी तिने करार केला: चालू दरापेक्षा पन्नास टक्क्यांपर्यंत जास्त मजुरी मिळेल, पण घरातल्या पंधरा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना, मुलगे आणि मुली दोघांनाही, पूर्णवेळ शाळेत घालायचे, आणि विणणाऱ्या बाईला साक्षरता वर्गाला जाऊ द्यायचे. सही घरच्या कर्त्या पुरुषाची लागे, कारण बायकोला वर्गाला पाठवायचे की नाही हे तोच ठरवणार.

या अटीवर टीका होऊ शकते. श्रीमंत माणसाला पगार देताना कुणी ‘मुलांना शाळेत घालता ना?’ असे विचारत नाही; गरिबालाच का विचारायचे? मला स्वतःला ही अट पटते, पण ती जादा मजुरीबरोबर आहे म्हणून. गालिच्याच्या धंद्यात लहान बोटांना किंमत असते. बारीक गाठ मुलीच्या बोटांनी चटकन बसते, म्हणून मुलगी शाळेत गेली तर घराचे सरळ नुकसान होते. ते नुकसान पन्नास टक्के वाढीने भरून निघाले, तर अट म्हणजे सौदा. वाढ न देता नुसती अट घातली तर ती दमदाटी. आपल्याकडच्या कितीतरी ‘महिला सक्षमीकरण’ प्रकल्पांत अटी भरपूर असतात आणि वाढीव दराचा पत्ता नसतो.

दुसरी गोष्ट कंदाहारची. तिथले खामक नावाचे भरतकाम फार बारीक. कापडाचे धागे मोजून रेशमाने भरायचे, बहुतेक पुरुषांच्या सदऱ्यांच्या छातीवर. रंगीना हमीदी ही कंदाहारात जन्मलेली, निर्वासित म्हणून आधी पाकिस्तानात आणि मग अमेरिकेत वाढलेली मुलगी २००३ मध्ये परत आली आणि तिने बायकांचे हे काम बाजारात नेणारा ‘कंदाहार ट्रेझर’ हा उद्योग उभा केला. बाईने घराबाहेर पडायचे नाही अशा शहरात तिने कापड आणि रेशीम घरोघर पोचवले आणि भरलेला माल घरोघरून गोळा केला. २०११ मध्ये तिचे वडील, कंदाहारचे महापौर गुलाम हैदर हमीदी, आत्मघातकी हल्ल्यात मारले गेले. ती टिकून राहिली, पुढे काबूलमध्ये शाळा काढली आणि २०२० मध्ये देशाची कार्यवाहक शिक्षणमंत्री झाली. भरतकामापासून शिक्षणखात्यापर्यंतचा असा सरळ रस्ता दुसऱ्या कुणी चाललेला मला तरी माहीत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडले. सप्टेंबरात माध्यमिक शाळा उघडल्या त्या फक्त मुलांच्या. २३ मार्च २०२२ ला मुलींच्याही उघडणार म्हणून मुली गणवेश घालून गेल्या आणि काही तासांत त्यांना परत पाठवले. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठेही बंद. सहावीच्या पुढे मुलीला शाळा नाही. आईच्या हातात खामकचे पैसे असले, तरी ते भरायला खिडकीच उरली नाही. कापडाच्या विक्रीतून शाळा चालवण्याच्या कुठल्याही गप्पांमध्ये ही गोष्ट आधी सांगायला हवी: सुई फार तर फी भरते, शाळा उघडत नाही. ते काम सरकारचे.

देश सोडून आलेल्या अफगाण बायकांपैकी काही दिल्लीत आहेत. तिथे ‘सिलाईवाली’ नावाचा एक उद्योग निर्वासित अफगाण बायकांकडून कापडी बाहुल्या करून घेतो. बाहुल्यांचे कापड म्हणजे निर्यातीच्या कारखान्यांतली कातरण, आपल्या भाषेत चिंध्या. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाचा ‘मेड फिफ्टीवन’ हा उपक्रम अशा वस्तूंना परदेशी दुकाने मिळवून देतो. पुण्याला अफगाण माणूस नवा नाही. सरकारी शिष्यवृत्तीवर आलेल्या अफगाण विद्यार्थ्यांची पुण्यात वर्षानुवर्षे ये-जा राहिली आहे. पण पुण्यात विद्यार्थी आले आणि दिल्लीत कुटुंबे, म्हणून सुई दिल्लीत राहिली.

आता घराकडे वळू. अहिल्यादेवींचा जन्म १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा. त्यांच्या नावाने आज जिल्हा अहिल्यानगर झाला, २०२५ मध्ये त्रिशताब्दीनिमित्त राज्याचे मंत्रिमंडळ चोंडीला बैठक घेऊन गेले, भाषणे झाली. त्यांनी महेश्वरला राजधानी नेली आणि विणकर बोलावून वसवले, ही त्यांची गोष्ट आपल्याला पाठ असते. त्या विणकरांचे पुढे काय झाले, ते मात्र जिल्ह्यात फारसे कुणी सांगत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माग एकेक करून बंद पडले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातले रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ संस्था काढली, बायकांना मागावर बसवले आणि नर्मदेच्या घाटावरच्या किल्ल्यातच विणकाम सुरू झाले. साडीच्या काठाला किल्ल्याच्या भिंतींवरचीच नक्षी. उत्पन्नातून विणकरांची घरे, औषधपाणी आणि मुलांची शाळा.

रेहवाचे मला आवडते ते हे की शाळेची वर्गणी साडीच्या चिठ्ठीवर छापून मागावी लागली नाही. साडी साडी म्हणून विकली गेली. दिल्ली-मुंबईच्या बाईने ती चांगली आहे म्हणून घेतली, तिच्या काठासाठी घेतली. विणणारीची कहाणी तिला माहीत असो वा नसो. शाळा नफ्यातून चालली. दयेवर चालणारा धंदा दया आटली की बंद पडतो. करोनाच्या पहिल्या वर्षी प्रदर्शने बंद झाली, तेव्हा हे कितीतरी गटांना कळले.

पण महेश्वरात आणखी एक प्रश्न उभा राहिला, आणि तो प्रामाणिक आहे. विणकराचा मुलगा शाळेत गेला, शिकला, तर तो मागावर परत येईल का? येऊ नये असेच बहुतेक आयांना वाटते. इंदूरला नोकरी लागावी असे वाटते. मग ज्या कामाने मुलाला शिकवले तेच काम पुढच्या पिढीत बंद पडणार. सॅली होळकरांनी पुढे ‘वुमनवीव्ह’ आणि तरुण विणकरांसाठी हातमागाची वेगळी शाळा काढली. तिथे रचना, हिशेब, इंग्रजी, गिऱ्हाइकाशी बोलणे शिकवतात. मार्ग काढण्याचा हा एक प्रयत्न आहे. सगळ्यांना तो लागू पडेल असे नाही, आणि पडावा असेही नाही. एखाद्या आईने पोराला सुईपासून सोडवण्यासाठीच सुई धरली असेल, तर कला टिकवायचे ओझे तिच्या पोरावर टाकायचा अधिकार कुणालाच नाही.

लखनौची गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. तिथल्या चिकन भरणाऱ्या बायकांच्या वस्तीत रूना बॅनर्जी आणि सेहबा हुसैन यांनी आधी मुलांसाठी शाळा काढली. मुले येईनात, कारण ती आईबरोबर टाके घालत बसलेली. दलाल कुर्त्यामागे जे देई त्यात एका हाताचे भागत नसे, म्हणून घरात असतील तितके हात लागत. तेव्हा आयांच्या मजुरीचे काहीतरी केल्याशिवाय शाळा भरणार नाही, हे ध्यानात येऊन १९८४ मध्ये ‘सेवा लखनौ’ उभी राहिली. दलाल बाजूला काढला, दर वाढवला, मग मुले मोकळी झाली. कापड आणि शाळा यांचा संबंध इतक्या लख्खपणे दुसरीकडे क्वचितच दिसतो. आईची मजुरी कमी असली की मुलाचे बोट लागते.

कैलाश सत्यार्थी यांनी १९९४ मध्ये सुरू केलेला ‘रगमार्क’ शिक्का याच गाठीवर बोट ठेवत होता. भदोही-मिर्झापूरच्या गालिच्यांवर लेबल लागे: यात मुलांचे हात लागलेले नाहीत. लेबलासाठी व्यापारी जे शुल्क देत, त्यातून मागांवरून सोडवलेल्या मुलांच्या शाळा चालत. खरेदीदाराच्या पैशाने शाळा इथेही चालली, पण आधी तपासणी आणि मग शाळा या क्रमाने.

आणि आपल्याच वर्ध्यात याच्या अगदी उलट प्रयोग मांडला गेला होता, हे विसरून चालणार नाही. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी म्हटले की मुलांनी शाळेत सूत काढावे, विणावे, आणि त्या मालाच्या विक्रीतून मास्तरांचा पगार निघावा. झाकिर हुसैन समितीने त्याची योजना केली, नई तालीम त्यातून आली. प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच हरकत घेतली की शाळेचा खर्च मुलांच्या हातांनी काढायचा म्हणजे शाळेचा कारखाना होईल. हात चालला की बुद्धी चालते, हे गांधीजींचे म्हणणे मला आजही पटते; टकळीवर मुलाला गणित शिकवता येते. पण पगाराच्या बाबतीत शहांचे बरोबर होते. शाळेचा खर्च मोठ्यांनी काढायचा, मुलाने नाही. वर्गात मुलाने टाका शिकावा, त्याची पावती फाडू नये.

नगर शहराला या विषयाचा जुना वारसा आहे. मिशनरी सिंथिया फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळांमध्ये अक्षरांबरोबर शिवणही होते. छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, अमेरिकन मराठी मिशनने पोरक्या मुलांना आसरा दिला आणि त्यांना पोटापाण्याची कामे शिकवली, त्यात माग होता. डी. सी. चर्चिल या अभियंता मिशनऱ्याने नगरमध्येच हातमागात सुधारणा केल्या, त्याला चर्चिल माग म्हणत. अलीकडच्या काळात १९८९ पासून गिरीश कुलकर्णी यांचे ‘स्नेहालय’ लालबत्तीतल्या बायका आणि त्यांची मुले यांच्यासाठी काम करते. तिथे मुलांच्या शिक्षणाचा भार आईच्या सुईवर टाकलेला नाही, शाळा वेगळी आणि आईचे काम वेगळे. मला ही वाटणी शहाणपणाची वाटते.

मग तिसगावच्या बाईच्या हातात कोणते कापड आहे? पैठण इथून फार लांब नाही, पण पैठणीचा माग भांडवल मागतो, वर्षाचा सराव मागतो आणि पावसात गळणार नाही असे घर मागतो. घोंगडी विणणे सनगरांचे काम, आणि मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेत अजून घोंगड्या विकायला येतात. पण तो माग पुरुषांचा. बाईच्या हातात जी कला न शिकता आलेली आहे ती गोधडी.

गोधडी शिवताना आधी अंगणात किंवा ओसरीवर जुने लुगडे अंथरतात आणि चारही कोपऱ्यांवर दगड ठेवून ते ताणतात. त्यावर भर पडतो: धोतराचे तुकडे, विटलेले परकर, सदऱ्यांच्या पाठी. बाह्या आणि कॉलर कापून काढायच्या, नाहीतर तिथे गाठ लागते आणि झोपणाऱ्याला टोचते. वरून दुसरे लुगडे. लांब कच्चे टाके मारून थर पकडून ठेवायचे आणि मग बाई त्या गोधडीवरच बसते. कडेपासून धावदोरा सुरू होतो, चौकोनात चौकोन करत मध्याकडे सरकतो. दोन ओळींत अर्धे बोटही अंतर ठेवायचे नाही, असे जुन्या बायका सांगतात. अंतर वाढले की धुताना भर एका बाजूला गोळा होतो.

सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद गोधडी धरा आणि दोन ओळींत अर्धा इंच. टाक्याच्या रेषेची लांबी होते सहाशे अठ्ठेचाळीस फूट, म्हणजे जवळजवळ दोनशे मीटर. इंचाला तीन टाके म्हटले तर तेवीस हजारांवर टाके. जाड थरांतून मिनिटाला वीस टाके पडले तरी नुसत्या सुईचे एकोणीस तास होतात. अंथरणे, कापणे, कच्चे टाके, मान मोडून आली म्हणून उठणे हे धरून पंचवीस तास. रोजगार हमीचा २०२५-२६ चा राज्याचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर त्या दराने एका गोधडीची मजुरी झाली पावणेदहाशेच्या आसपास. खड्डे खणायचा दर हा. यात हाताच्या कसबाचा, रंगांच्या जुळणीचा एक पैसा धरलेला नाही.

मापे घेऊन आकडे काढले की प्रदर्शनातला नेहमीचा संवाद वेगळा ऐकू येतो. पुण्याला भीमथडी जत्रेत, मुंबईला महालक्ष्मी सरसमध्ये, नगरला साईज्योतीत तो थोड्याफार फरकाने होतोच.

“कितीला हो मावशी ही?”

“पंचवीसशे, ताई. हाताची आहे सगळी.”

“बाई गं! घरीच होत्या आमच्याकडे ढिगाने. आजी शिवायची.”

“आजीला कोण देत होतं पैसे?”

मावशीने हे शेवटचे वाक्य बहुतेक वेळा मनातच म्हटलेले असते. आपल्या भाषेत गोधडी मायेशी इतकी चिकटलेली आहे की तिची मजुरी मागणे म्हणजे मायेचे बिल मागितल्यासारखे वाटते. परदेशी रजई गोळा करणाऱ्यांना ही अडचण नाही. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत देखणे पुस्तक केले. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांच्या कवंदी अमेरिकेतल्या प्रदर्शनांपर्यंत गेल्या. तिथे ती भिंतीवर लावायची वस्तू ठरली आणि भिंतीवर लावायच्या वस्तूला भाव मिळतो. पांघरायच्या वस्तूला मिळत नाही, याचे थोडे वाईट वाटते, पण बाजार तसाच आहे.

कापडाचीही अडचण आहेच. सुती नऊवारी गेली. बोहारीण भांड्यांच्या बदल्यात ज्या साड्या नेते त्या बहुतेक सिंथेटिक. त्यांत सुई घसरते, उन्हाळ्यात अंगाला चिकटतात, आणि शहरातल्या गिऱ्हाइकाला ‘प्युअर कॉटन’ हवे असते. म्हणजे गावच्या गोधडीसाठी सुती जुने कापड शहरातूनच आणावे लागणार.

शिवणाचा दुसरा, साधा मार्ग शाळेच्या गणवेशाचा. आईने शिवलेला गणवेश पोराने घालायचा, यात कल्पना म्हणून काही वाईट नव्हते. २०२४-२५ मध्ये राज्याने सगळ्यांसाठी एकच गणवेश ठरवला, कापड एका ठिकाणाहून घेतले आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे सोपवली. गणवेशामागे शिलाई शंभर-एकशेदहा रुपये. शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी ठिकठिकाणी गणवेश आले नाहीत, आले त्यांची मापे चुकली. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला आणि खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेली. दोष बायकांच्या हातांवर आला. खरे तर कापड उशिरा आले, कातरलेले आले, आणि ज्या पोराचे माप घ्यायचे ते शिवणारीला कधी दिसलेच नाही. आता समितीच्या हातात अधिकार आहेत, तर तिसगावच्या शाळेने तिसगावच्याच गटाला काम देण्यात कायद्याची आडकाठी नाही. तोडीवरून माणसे चैत्रात परततात, गणवेश जूनमध्ये लागतो. मधले दोन महिने बायका गावात असतात. मशिनवरचे हे काम हस्तकला नव्हे, त्याचे फोटो परदेशी मासिकात छापून येणार नाहीत. पण मृगाच्या तोंडावर घरात चार पैसे आले तर तोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, थोडी कमी घ्यावी लागते, आणि उचल जितकी कमी तितके पुढच्या हंगामाचे दोर सैल.

प्रश्न उरतो हंगामाचा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर चौतीस टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टन तोडते असे धरले तर बाईच्या वाट्याला दिवसाचे ३६६ येतात. दीडशे दिवसांच्या हंगामात सुमारे पंचावन्न हजार. बाईने गावात राहून तेवढेच कमवायचे तर? घरकाम, पोरे, शेरडे सांभाळून सुईला दिवसाला चार तास मिळाले, तर पंचवीस तासांची गोधडी साधारण सहा दिवसांत होते. दीडशे दिवसांत जवळजवळ पंचवीस. पंचावन्न हजारांना पंचवीसने भागा: गोधडीमागे बाईच्या हातात बावीसशे रुपये पडायला हवेत. कापड, दोरा, वाहतूक, विकणाऱ्याचा वाटा धरून दुकानातली किंमत चार हजारांच्या घरात जाते. ही किंमत देणारे गिऱ्हाईक आहे, पण ते तिसगावच्या बाजारात नाही आणि साईज्योतीतही थोडेच. ते गाठायचे तर रेहवासारखा डोळस रचनाकार आणि आरझूसारखा लेखी करार दोन्ही लागतील. नुसती चिठ्ठी बांधून भागणार नाही.

शिवाय बाई मागे राहिली की नवऱ्याची जोडी मोडते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम त्याला उचल अर्धीच देतो किंवा घेतच नाही. म्हणजे सुईने बाईची मजुरी तर भरून काढायचीच, वर नवऱ्याच्या उचलीत पडलेला खड्डाही. हे लक्षात न घेता ज्यांनी ‘महिलांना गावातच रोजगार’ अशा योजना आखल्या, त्यांचे गट दसऱ्यापर्यंत चालतात आणि मग सगळ्या सभासद बायका ट्रॅक्टरवर बसून निघून जातात.

म्हणून मला वाटते की या तालुक्यात सुईचा पैसा आधी आजीकडे जावा. मागे राहणाऱ्या पोरांना सांभाळते ती आजीच. १९९० नंतरच्या साखरशाळा, नंतर ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांवर चालवलेल्या शाळा, गावातली हंगामी वसतिगृहे, आणि २०२१ मध्ये भगवानबाबांच्या नावाने जाहीर झालेली ४१ तालुक्यांतली ८२ सरकारी वसतिगृहे, या सगळ्यांच्या आधीपासून आणि सगळ्यांच्या नंतरही पोरांची खरी सोय आजीच्या पडवीत आहे. गोधडी येते ती तिलाच. सुनेला येईलच असे नाही. तिला कोयत्याची बरोबरी करायची नाही. हंगामात दहा गोधड्या झाल्या आणि प्रत्येकी पंधराशे हातात आले तरी पोरांचे दूध, वह्या, दवाखाना निघतो आणि सून फडावरून दर आठवड्याला पैसे पाठवण्याच्या काळजीतून सुटते. आजी धडधाकट राहिली तर नातू शाळेत राहतो.

तिचा वेग अर्धा असेल, हे धरून चालावे. डोळ्यांवर मोतीबिंदू असतो, नेढ्यात दोरा ओवायला दुसरे कुणी लागते. अशा गटाचे पहिले भांडवल म्हणून चष्मे, मोतीबिंदूची तपासणी आणि खिडकीपाशी एक चांगला दिवा एवढे धरावे. सुती साड्यांची गठडी त्यानंतर. मागणी मात्र आषाढातच नोंदवून बयाणा द्यायला हवा, कारण मुकादम उचल वाटायला तेव्हाच गावात येतो.